पर्स्पेक्टिव्ह शिकायला नेमकं काय वापरू? चेहरा जमतो, टेबल जमत नाही

कोरं पान

नमस्कार मंडळी,

चार वर्षं पेन्सिलीने पोर्ट्रेट काढतेय. चेहऱ्याच्या बाबतीत हातावर आता भरवसा आहे, समोरचा माणूस कागदावर ओळखू येतो. पण तोच माणूस खोलीत बसवायला गेले की सगळं बिनसतं.

मागच्या महिन्यात आईचं चित्र काढलं. ए-थ्री कागद, उभा धरलेला. आई टेबलामागे बसून शर्टाचं बटण लावतेय. टेबलावर कात्री, दोऱ्याची तीन रिळं, चष्म्याचं घर. चेहरा तिचाच आला, सुई धरलेली बोटं तर मला फार आवडली. पण टेबल कुणीतरी मागून उचलून धरल्यासारखं दिसतं. रिळं आत्ता घरंगळत पुढे येतील असं वाटतं. बाजूच्या रिकाम्या खुर्चीचे चार पाय चार वेगळ्या जमिनींवर टेकलेत. आईने चित्र हातात घेतलं, "बोटं छान आलीत" म्हणाली, आणि मग टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली. बोलली काहीच नाही. तेव्हापासून ते टेबल माझ्या डोक्यातून जात नाही.

पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळचं-लांबचं कागदावर जसं दिसतं तसं दाखवणं, शिकायचा प्रयत्न केलाय. व्हिडिओंच्या तीन मालिका सुरू केल्या. तिन्हींची सुरुवात तीच: आडवी रेघ मारा, मधे टिंब द्या, रेल्वेचे रूळ काढा. मग कागदाच्या दोन टोकांना दोन टिंबं आणि मधे ठोकळा. असे साठेक ठोकळे काढले. काही बरे येतात, पण क्षितिजरेषेपासून जरा खाली काढलेल्या ठोकळ्याचा पुढचा कोपरा भाल्याच्या टोकासारखा अंगावर येतो. नियम पाळूनही असं का होतं, ते एकाही व्हिडिओत सांगितलेलं नाही. स्कॉट रॉबर्टसन यांचं 'हाऊ टू ड्रॉ' कुणीतरी सुचवलं म्हणून आणलं. पुस्तक सुंदर आहे, पण पहिल्या काही प्रकरणांतच माझा दम गेला.

रोज रात्री चाळीस मिनिटं देऊ शकते. सध्या विमानं नि काल्पनिक शहरं काढायची नाहीत. माणसं खऱ्या खोल्यांत, खऱ्या खुर्च्यांवर नीट बसवता आली पाहिजेत. कुठल्या पुस्तकापासून किंवा व्हिडिओपासून सुरू करू? आणि भूमितीची सगळी रचना शिकणं भाग आहे का?

---

गुण्या

तुमचं वाचलं आणि लगेच लिहायला बसलो, कारण त्या भाल्यासारख्या कोपऱ्यापाशी मीही खूप दिवस अडकलो होतो.

मी एकवीस वर्षं फर्निचरची रेखाचित्रं करतोय. पहिली अकरा वर्षं सगळं हाताने, ड्रॉइंग बोर्डवर. मापांचा नकाशा सगळ्यांना वाचता येत नाही. कपाट खोलीत उभं राहिल्यावर कसं दिसेल ते लोकांना बघायचं असतं, आणि ते दाखवणं हे माझं काम.

पुस्तकांची नावं सांगतो, पण त्याआधी पुस्तक पारखायचं कसं ते सांगतो. कुठलंही पुस्तक उघडा, कुठलाही व्हिडिओ लावा, आणि त्यात एवढंच शोधा: बघणाऱ्याचा डोळा कुठे आहे हे सांगितलंय का? किती उंचीवर, आणि किती लांब? उंची बहुतेक सगळे सांगतात, कारण क्षितिजरेषा म्हणजेच डोळ्यांची पातळी. अंतर मात्र बहुतेक छोट्या व्हिडिओंत गाळलेलं असतं. तुमचा ठोकळा तिथेच बिघडला.

तो बिघडलेला ठोकळा अजून वहीत असेल तर आत्ता एक करून बघा. कागद ए-फोर आडवा असेल, दोन टिंबं दोन कडांना असतील, तर त्यांच्यात साधारण ३० सेंटिमीटर अंतर आहे. एक डोळा मिटा. दुसरा डोळा क्षितिजरेषेच्या मध्यबिंदूसमोर आणा आणि कागद १५ सेंटिमीटरपर्यंत जवळ घ्या. इतक्या जवळून नीट दिसत नाही, थोडं धूसर होतं, तरी बघा. तो भाला मागे सरतो आणि ठोकळा काटकोनात येतो. तुमची रेघ चुकलेली नव्हती. कागदाला नाक लावून बघणाऱ्यासाठी ते चित्र बरोबरच होतं, आणि आपण ते हातभर लांबून बघतो.

म्हणून दोन्ही व्हॅनिशिंग पॉइंट, म्हणजे मागे जाणाऱ्या रेघा जिथे मिळतात ती तुमची टिंबं, एकाच कागदावर मावले की मला आधी शंका येते. नेहमीच्या अंतरावरून दिसणाऱ्या खोलीत निदान एक बिंदू, बरेचदा दोन्ही, कागदाबाहेर लांब पडतात. मी बोर्डच्या दोन्ही बाजूंना भिंतीत टाचण्या मारून त्यांना दोरा बांधायचो. दोरा ताणून कागदावर आणायचा, त्याला पट्टी लावायची, रेघ मारायची. डावीकडची टाचणी माझ्या खुर्चीपासून दोन पावलांवर असायची.

आता साधनं. सुरुवात अर्नेस्ट नॉर्लिंग यांच्या 'पर्स्पेक्टिव्ह मेड ईझी'पासून करा. १९३९ सालचं पुस्तक आहे, नंतर डोव्हर प्रकाशनाने ते पुन्हा छापलं, त्यामुळे सहज मिळतं. जुन्या पद्धतीची साधी रेखाटनं आहेत, गणित नावालाही नाही, आणि क्षितिजरेषा म्हणजे काय हे इतक्या शांतपणे समजावलंय की तेवढ्यासाठीसुद्धा घ्यावं. एका बैठकीत संपवू नका. एक प्रकरण वाचायचं आणि मग घरातली एक वस्तू त्या प्रकरणाच्या डोळ्याने बघायची. मी स्वतः दारापासून सुरुवात केली होती: उघडं दार, अर्धं दार, जेमतेम फटीएवढं दार. दार फिरतं तसा त्याचा बिंदू क्षितिजरेषेवरून सरकत जातो. हे मी सबंध एक रविवार बघत बसलो होतो.

त्याच्या जोडीला 'ड्रॉअबॉक्स' या संकेतस्थळाचे धडे आहेत, मोफत. त्यात हाताने, पट्टीशिवाय २५० ठोकळे काढायचा सराव आहे. ठोकळे काढून झाले की वेगळ्या रंगाने त्यांच्या रेघा मागे लांबवून बघायच्या, की एकमेकींकडे झुकतात का फाकतात. ते लांबवणं टाळलं तर बाकीचा सराव फुकट गेला असं समजा. साठ ठोकळे काढताना तुम्ही टिंबं आधी मारली होती, म्हणून सगळा भार पट्टीने उचलला. इथे टिंब नसतं, डोळ्याला अंदाज बांधावा लागतो. त्यांचा आणखी एक नियम मला मोलाचा वाटतो: निम्मा वेळ सरावाला, निम्मा वेळ मनाला येईल ते काढायला. तुमच्या चाळीस मिनिटांतली वीस मिनिटं आईची, टेबलाची, खोलीची असू द्या.

रॉबर्टसन यांचं पुस्तक कपाटात ठेवा, कुणाला देऊन टाकू नका. मनातल्या वस्तू, वाहनं, जागा कागदावर रचणाऱ्यांसाठी ते आहे. तुमच्यासमोर खरी खोली आहे, तुम्हाला ती बघायला शिकायचंय. वर्षभराने ते उघडाल तेव्हा सुरुवातीचं परिभाषेचं प्रकरण, बघणाऱ्याची जागा नि दृष्टिक्षेत्राचा शंकू (डोळा न हलवता नीट दिसतो तेवढा भाग), सरळ डोक्यात उतरेल.

व्हिडिओच हवे असतील तर मार्शल वँड्रफ यांची १९९४ सालची वर्गात रेकॉर्ड केलेली मालिका बघा. चित्र जुनं आहे, पण माणूस समोर उभा राहून शिकवतो आणि घाई करत नाही. एका वेळी एकच शिक्षक धरा. तीन मालिकांची पहिली तीन-तीन प्रकरणं बघितली की तेच रूळ तीनदा होतात आणि पुढचं कधीच येत नाही.

आता तुमचं चित्र. मला एक संशय आहे. सांगा, चेहरा काढताना तुम्ही बसला होतात का? आणि टेबल काढताना? चित्रातल्या चेहऱ्याची उंची, हनुवटीपासून टाळूपर्यंत, आणि टेबलाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतचं अंतर, पट्टीने मोजून लिहा.

---

खिशातली वही

माझं मत थोडं वेगळं आहे. मी रोज बाहेर उभं राहून पेनने स्केच करतो आणि गेल्या कित्येक वर्षांत कागदावर एकही व्हॅनिशिंग पॉइंट मारलेला नाही. समोर वस्तू असताना बिंदूपासून सुरुवात का करायची? कोपर ताठ ठेवा, एक डोळा मिटा, पेन्सिल समोरच्या कडेवर तिरपी धरा, आणि तोच तिरपेपणा न हलवता कागदावर आणा. उंची अंगठ्याने मोजा. शंभर टेबलं अशी काढलीत की डोळा बसतो. पुस्तकं त्यानंतर वाचा, मग पटापट समजतात.

एक मात्र सांभाळा: कोपर वाकलं की माप बदलतं. आणि पेन्सिल समोर काच आहे असं समजून त्या काचेवर टेकवायची, टेबलाच्या दिशेने आत खुपसायची नाही. नवशिक्यांचे निम्मे कोन इथेच चुकतात.

---

कोरं पान

दोघांचे मनापासून आभार. गुण्या, तुमचा कागद नाकाशी आणायचा प्रयोग केला. खरंच मागे सरतो कोपरा! तीनदा करून बघितलं, मग आईलाही दाखवलं.

मापं घेतली. चेहरा ६ सेंटिमीटर. टेबलाची मागची कड ते पुढची कड ८ सेंटिमीटर. आणि तुमचा संशय बरोबर आहे. चेहरा आणि हात पहिल्या दिवशी काढले, आईसमोर खुर्चीवर बसून. टेबल दुसऱ्या दिवशी काढलं, आई नसताना, उभी राहून. रिळं नीट दिसावीत म्हणून उभी राहिले होते, जरा पुढेही सरकले असेन. हे चूक आहे असं तेव्हा मनातही आलं नाही.

---

प्रमेय

शाळेत गणित शिकवते. चित्रं काढत नाही, पण हा धागा वाचून राहवेना, कारण हे सगळं समरूप त्रिकोणांचं आहे आणि मापं मिळाली की उत्तर काढता येतं.

धरून चालू: टेबल ७५ सेंटिमीटर उंच, ६० सेंटिमीटर खोल. बसल्यावर तुमचा डोळा जमिनीपासून १२० सेंटिमीटरवर. पुढची कड तुमच्यापासून २०० सेंटिमीटर, आई २७० सेंटिमीटर. तुमची खरी मापं थोडी इकडेतिकडे असतील, रीत तीच.

टेबलाचा पृष्ठभाग डोळ्याच्या ४५ सेंटिमीटर खाली आहे. चित्रात कुठलीही गोष्ट क्षितिजरेषेच्या किती खाली दिसेल, ते तिचं खरं खालचं अंतर भागिले तिचं तुमच्यापासूनचं अंतर, यावर ठरतं. पुढची कड: ४५ भागिले २००, म्हणजे ०.२२५. मागची कड: ४५ भागिले २६०, म्हणजे ०.१७३. वजाबाकी ०.०५२. एवढ्या पट्ट्यात अख्खं टेबल दिसतं. आता आईचा चेहरा, २२ सेंटिमीटर उंच धरला तर २२ भागिले २७०, म्हणजे ०.०८१. टेबलाचा दिसणारा पट्टा चेहऱ्याच्या दोन-तृतीयांशापेक्षाही किंचित कमी भरतो. तुमचा चेहरा ६ सेंटिमीटर आहे, तर टेबल ४ सेंटिमीटरच्या आत हवं होतं. तुम्ही ८ काढलंय.

आता उलट बाजूने: उभं राहून डोळा १५० सेंटिमीटरवर आला आणि तुम्ही पाऊणेक फूट पुढे सरकलात, तर हाच हिशेब ८ सेंटिमीटरच्या जवळ येतो. म्हणजे उभ्या असताना तुम्हाला जे दिसलं ते तुम्ही प्रामाणिकपणे काढलंत. एका कागदावर दोन डोळे आले, एवढंच झालं: एक बसलेल्या बाईचा, एक उभ्या असलेल्या बाईचा.

याच हिशेबातून दोन बिंदूंमधल्या अंतराचंही उत्तर मिळतं. काटकोनी ठोकळा ४५ अंशांत वळलेला असेल, तर दोन बिंदूंमधलं अंतर डोळा ते कागद या अंतराच्या बरोबर दुप्पट असतं. चित्र ६० अंशांच्या दृष्टिक्षेत्रात बसवायचं म्हटलं, तर बिंदूंमधलं अंतर चित्राच्या रुंदीच्या निदान १.७ पट लागतं. आडव्या ए-फोरसाठी ते ५१ सेंटिमीटर झालं. ठोकळा ३० आणि ६० अंशांत वळलेला असेल तर बरोबर दुप्पट, म्हणजे ५९ सेंटिमीटर. ही रुंदी सुद्धा टोकाची समजा, लांबून बघितलेल्या चित्राला आणखी जास्त लागते.

साधनांबद्दल विचारलंत म्हणून दोन चित्रं सुचवते, नेटवर सहज मिळतात. आल्ब्रेख्त ड्युरर या जर्मन चित्रकाराने १५२५ साली मोजमापावर पुस्तक छापलं, त्यात एक लाकूडठसा आहे: दोन माणसं टेबलावर ठेवलेल्या ल्यूट या वाद्याचं चित्र दोऱ्याने काढतायत. दोऱ्याचं एक टोक वाद्यावर टेकवलेलं, मधे चौकट, आणि दुसरं टोक भिंतीतल्या आकड्यातून गेलेलं. तो आकडा म्हणजे डोळा. पर्स्पेक्टिव्हची सगळी भूमिती त्या एका चित्रात आहे, मी वर्गात तेच दाखवते. आणि त्याच्याही आधी, पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला, ब्रुनेलेस्की या इटालियन वास्तुशिल्पीने फ्लॉरेन्सच्या बाप्तिस्मागृहाचं चित्र फळीवर काढून फळीला भोक पाडलं होतं. बघणाऱ्याने मागच्या बाजूने भोकाला डोळा लावायचा आणि समोर धरलेल्या आरशात चित्राचं प्रतिबिंब बघायचं. डोळा दुसरीकडे जाऊच शकत नाही! गुण्या यांनी जे सांगितलं, तीच काळजी त्याने घेतली होती.

---

चौकटवाला

कॉमिक्स काढतो, त्यामुळे खोल्या, जिने, खिडक्या हे रोजचंच. डेव्हिड चेल्सी यांचं 'पर्स्पेक्टिव्ह! फॉर कॉमिक बुक आर्टिस्ट्स' (१९९७) हे अख्खं पुस्तक कॉमिकच्याच रूपात आहे. ज्यांना मजकूर वाचून समजत नाही, चित्रातच दाखवावं लागतं, त्यांना जरूर द्या.

टॅबलेटवर काढत असाल तर क्रिटा हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि त्यात पर्स्पेक्टिव्हचे सहायक आहेत. बिंदू कॅनव्हासच्या बाहेर कितीही लांब ठेवता येतो, ब्रश त्या दिशेला आपोआप ओढला जातो. पण माझा सल्ला: पहिले काही महिने ते बंद ठेवा. आधी हाताने काढा, मग सहायक चालू करून तपासा. उलट केलंत तर सहायकाशिवाय एक खुर्ची निघणार नाही, हे मी माझ्या दोन वर्षांवरून सांगतोय.

फोटोवरून काढायचं असेल तर जवळ उभं राहून फोनने काढलेला फोटो घेऊ नका. फोनची लेन्स रुंद असते, कडेच्या वस्तू ताणल्या जातात. चार पावलं मागे जा आणि झूम करा. आणि फोन ज्या उंचीवर धरला तीच चित्राची क्षितिजरेषा, हे विसरू नका. बसलेल्या माणसाचा फोटो आपण उभ्याने काढतो आणि मग खोली का झुकली म्हणून रडतो.

---

कोरं पान

प्रमेय, तुमचा हिशेब वहीत उतरवून घेतला. "एका कागदावर दोन डोळे" हे वाचल्यावर मी बराच वेळ चित्राकडे बघत बसले. आता ते दोन्ही दिसतात. टेबलाच्या वर एक खोली आहे, खाली दुसरी.

खुर्चीचं अजून कळलं नाही. ती टेबलाला समांतर नाही, जरा फिरवून ठेवलीय. मग तिचे बिंदू टेबलाचेच धरायचे का? आणि बिंदू कागदाबाहेर असताना माझ्याकडे भिंतीत टाचण्या मारायची सोय नाही, भिंत भाड्याची आहे.

---

गुण्या

खुर्चीचे बिंदू तिचे स्वतःचे. वस्तू फिरली की बिंदू फिरतात, क्षितिजरेषा मात्र सगळ्यांची एकच. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या शंभर खुर्च्या शंभर दिशांना फिरवल्या, तरी त्यांच्या आडव्या कडा त्याच एका रेघेवर जाऊन मिळतात. माझ्या मते नव्या माणसाला हे लवकर सांगितलं पाहिजे, कारण सगळे व्हिडिओ दोन बिंदू मारून थांबतात आणि माणसाला वाटतं की खोलीत दोनच बिंदू असतात.

पाय एकेक करून काढू नका. आधी जमिनीवर खुर्चीचा ठसा काढा, म्हणजे चार पाय जिथे टेकतात तो चौकोन, हलक्या रेघेने. त्याचे कर्ण मारा. कर्ण छेदतात तो खरा मध्य, तो चौकोनाच्या दिसणाऱ्या मध्यापेक्षा थोडा मागे येतो. मग चार कोपऱ्यांतून उभ्या रेघा, आणि वर बसायची फळी. फळीची बाजू आणि त्याच बाजूच्या दोन पायांच्या टोकांना जोडणारी रेघ, दोन्ही लांबवा. क्षितिजरेषेवर एकाच ठिकाणी भेटल्या पाहिजेत. नाही भेटल्या तर कुठला पाय चुकला ते तिथल्या तिथे कळतं. मागचा आतला पाय बहुतेक वेळा खूप खाली उतरलेला असतो.

टाचण्यांशिवायची रीत: एक तिरपी रेघ नजरेने नक्की करा, 'खिशातली वही' यांनी सांगितलं तसं पेन्सिल धरून. ती रेघ कागदाच्या डाव्या आणि उजव्या कडेपर्यंत लांबवा. आता डाव्या कडेवर क्षितिजरेषेपासून त्या रेघेपर्यंत मोजा. समजा ८ सेंटिमीटर आलं. उजव्या कडेवर ६ आलं. दोन्हींचे चार समान भाग करा, डावीकडे दर २ सेंटिमीटरवर खूण, उजवीकडे दर दीडवर. पहिली खूण पहिलीला, दुसरी दुसरीला जोडा. या सगळ्या रेघा कागदाबाहेरच्या त्याच बिंदूकडे जातात, बिंदू न दिसता. मधे कुठे आणखी रेघ लागली तर दोन खुणांच्या मधे अंदाजाने मारा, फारशी चुकत नाही. मी बाहेर काम करायला जायचो तेव्हा असंच करायचो.

आणि 'खिशातली वही' यांच्याशी माझं भांडण नाही. पेन्सिलीने कोन घ्यायची सवय लागली की पुस्तकातला नियम समोरच्या वस्तूत दिसायला लागतो. फक्त समोर नसलेली खुर्ची काढायची वेळ आली की नियम लागतोच.

एक प्रयोग सुचवतो, एका संध्याकाळचा. पारदर्शक प्लास्टिकची ताठ शीट घ्या, टेबलासमोर उभी अडकवा. हनुवटी पुस्तकांच्या थप्पीवर टेकवा, एक डोळा मिटा, आणि शीटवर मार्करने टेबलाच्या चार कडा जशा दिसतात तशा गिरवा. मग हनुवटी न काढता दुसरी थप्पी आणायला सांगा कुणाला तरी, चार बोटं उंच व्हा, आणि वेगळ्या रंगाने पुन्हा गिरवा. दोन्ही टेबलं एकमेकांवर ठेवून बघा.

---

कोरं पान

तीन आठवड्यांनी लिहितेय.

नॉर्लिंग यांचं पुस्तक निम्मं झालं. ठोकळे ७४ झालेत, रेघा लांबवून. पहिल्या पंधरांत मागच्या कडा एकमेकींपासून फाकत होत्या, आणि मला त्या समांतर दिसत होत्या! आता फाकल्या की पेन उचलायच्या आधी कळतं. वँड्रफ यांचे व्हिडिओ पुस्तक संपल्यावर. तोवर दुसरा शिक्षक धरायचा नाही असं ठरवलंय.

शीटचा प्रयोग आईला हाताशी घेऊन केला. तिनेच थप्पी बदलली. चार बोटांत निळं टेबल लाल टेबलापेक्षा इतकं फुगलं की आम्ही दोघी शीट दिव्यासमोर धरून बघत राहिलो.

मग चित्र पुन्हा काढलं, नव्या कागदावर. यावेळी सगळं एकाच खुर्चीवर बसून. खुर्चीचे पाय जिथे होते तिथे जमिनीवर चिकटपट्टी लावली, म्हणजे दुसऱ्या दिवशीही तिथेच बसता येईल. चेहरा ६ सेंटिमीटरच ठेवला. टेबल मोजून काढलं नाही, पेन्सिल धरून काढलं, आणि नंतर मोजलं तर ३.९ आलं. प्रमेय, हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहिलं.

रिळांची तोंडं काढताना हात अजून अडतो. मला माहीत आहे की ती गोल आहेत, म्हणून हात गोल काढायला जातो. पेन्सिलीने मोजलं तर लंबवर्तुळाची उंची रुंदीच्या जेमतेम सहाव्या भागाएवढी भरली, जवळजवळ रेघच. चारदा खोडलं.

टेबल इतकं चपटं झालं की वस्तू एकमेकींआड गेल्या. कात्रीची एकच मूठ दिसते. मागचं रीळ पुढच्या रिळाआड गेलंय, त्याची वरची चकती थोडी डोकावते. आईने चित्र हातात घेतलं आणि विचारलं, "तिसरं रीळ कुठे गेलं गं?" मी तिला माझ्या खुर्चीवर बसवलं, चिकटपट्टीवर सरकवून. तिने टेबलाकडे बघितलं, चित्राकडे बघितलं, पुन्हा टेबलाकडे बघितलं, आणि म्हणाली, "हो की. दिसत नाहीये."